प्रतिभाताईंच्या पोटातली दारू

रविवार उजाडला की नानाखेडा कॉलनीतल्या प्रतिभाताईंच्या दारासमोर चपलांचा ढीग पडायचा. शहरातल्या पार देवास गेटहून लोक रिक्षा करून यायचे, कारण दृश्य होतंच तसं. बँकेत नोकरी करणारी, जन्मात दारूला न शिवलेली ही बाई लाडवांचा प्रसाद खायची आणि थोड्या वेळाने डोलू लागायची. जीभ जड व्हायची, डोळे तांबारायचे आणि तोंडाला चक्क दारूचा वास यायचा.

"दुनिया भैरवनाथांना मदिरा चढवते. इथे नाथ स्वतः भक्ताच्या पोटात मदिरा उतरवतात," यज्ञेश्वर महाराज सांगायचे. "सूंघ लो भाई, लाइन से सूंघ लो."

हे महाराज गेल्या वर्षापर्यंत याच कॉलनीत प्लॉटची दलाली करत होते. तरी लोक ओळीने वास घ्यायचे, हात जोडायचे, प्रश्न विचारायचे.

प्रतिभाताईंना यातलं काही आठवायचं नाही. आधी बँकेत त्या चोरून पितात अशी कुजबुज होती, नवरा जयंतसुद्धा कपाटं धुंडाळायचा. त्यामुळे महाराजांनी अंगात येतं म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. दारुडी म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

मग शेजारचे बापू आले. मधुमेह जुना, रोज इन्सुलिन. महाराजांनी डोलणाऱ्या ताईंना विचारलं, "नाथ, बापूंची सुई बंद?" ताईंची मान हलली. त्याच आठवड्यात बापूंना बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं.

"मी मान हलवली?" ताईंनी जयंतला विचारलं. "हो," तो म्हणाला. त्या तशाच उठल्या आणि बापूंच्या वॉर्डात जाऊन डॉक्टर मृणालसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या तोंडाला दारूचा वास येतो आणि मी पीत नाही. मला देव नको, कारण हवंय."

मृणाल हसली नाही. "आधी कधी बरेच दिवस अँटिबायोटिक्स घेतली होती?"

"महिनोन्‌महिने. पोटाच्या ऑपरेशननंतर. तेव्हापासूनच सुरू झालं हे."

ताईंना दाखल करून घेतलं. सामान तपासलं, शेजारी सतत नर्स बसवली. सकाळी रक्तात अल्कोहोल नव्हतं. मग त्यांना फक्त ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि ठरावीक वेळाने रक्त घेतलं. अल्कोहोल चढत गेलं. ताई पलंगावर बसल्या बसल्या डोलू लागल्या.

ताई शुद्धीवर आल्यावर मृणालने त्यांना समजावलं, "आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात. आपण खातो त्यातून ते नाना पदार्थ बनवतात. भाजीपाल्याच्या चोथ्यातून आतड्याचं पोषण करणारी आम्लं बनतात, ती गुणाची. तुमच्या पोटातले ते जीव औषधांनी मेले आणि यीस्ट माजलं. जिलबीचं पीठ जी आंबवते, त्याच जातीची बुरशी. साखर, मैदा पोटात गेला की ती दारू गाळते. आजार विरळा आहे, पण आजारच आहे."

बुरशीवरचं औषध सुरू झालं, गोड आणि मैदा बंद. पुढच्या एका रविवारी ताई पुन्हा हॉलमध्ये बसल्या. महाराजांनी ताट पुढे केलं.

"लाडू नको. आज नाथांना लाडवाशिवाय आणा."

"बहनजी, प्रसादाचा अपमान?"

"तुमच्या नाथांना साखर का लागते, ते लोकांना सांगा ना."

दुपारपर्यंत सगळे बसून राहिले. ताई ना डोलल्या, ना वास आला. महाराज म्हणाले, नाथ रुसले.

"रुसले नाहीत. औषधाने बुरशी मेली," ताई उठून म्हणाल्या आणि दवाखान्यात जे घडलं ते त्यांनी सगळं सांगितलं. "मी नशेत मान हलवली आणि बापू मरता मरता वाचले. ज्यांनी ज्यांनी मला विचारून गोळ्या बंद केल्यात, त्यांनी आजच्या आज सुरू करा."

मागून एक बाई म्हणाली, "पर दीदी, वास तर आम्ही स्वतः घेतला."

"वास खराच होता. पण तो कुठून येतो हे विचारायच्या आधीच आपण हात जोडले. मीही जोडले. आता विचारायचं. शरीरात काही वेगळं घडलं की आधी डॉक्टर. आणि जो औषध सोडायला सांगेल, त्याला घराबाहेर काढायचं."

एवढं बोलून त्यांनी दार उघडलं आणि यज्ञेश्वरांकडे पाहिलं.

"निघा."