चुन्याची रेघ

दोधू मिस्तरी ट्रकखालून सरपटत बाहेर आला, चिंध्यांना हात पुसले आणि गाडीच्या मालकाला निकाल देऊन मोकळा झाला. "शेठ, गाडीमा काहीच नही. बठं टाइट शे."

झालं! जालमसिंग ड्रायव्हरने स्वतः वाकून ट्रकखाली पाहिलं. हा तिसरा मिस्तरी. तिघांनी एकच केलं होतं. रिकामी गाडी उभी केली, पुढची चाकं जॅकवर उचलली, हलवून पाहिली, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही म्हणजे नाही. लबाड कुठली! हीच गाडी माल भरून धडगावच्या घाटात शिरली, की मोठ्या वळणावर समोरच्या बाजूने खालून असा 'टप्प' आवाज काढायची, की जालमसिंगच्या तळपायाला झणका बसायचा. तीन खेपा त्याने घाटात गाडी थांबवली होती. त्यातल्या दोन खेपा तर चढ अर्धवट टाकून माल परत शहाद्याला आणला होता.

आता असं बघा, बावीस वर्षं हा माणूस त्या घाटात ट्रक चालवतोय. पावरा आदिवासी, धडगावच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. तिथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाचं सिमेंट यानेच वर नेलेलं. आणि त्याच्या मालकाने, भूपेंद्रभाईंनी, परवा भर स्टँडवर दहा ड्रायव्हरांसमोर सांगितलं, "जालमसिंग घाटले घाबरी गया!" भूपेंद्रभाई शहाद्याचे मोठे शेतकरी, सिमेंट-लोखंडाचं दुकान. मनाने वाईट नाहीत हो, पण तोंडाला लगाम नाही. ते वाक्य जीपवाल्यांबरोबर त्याच संध्याकाळी धडगावला पोचलं. दुसऱ्या दिवशी जालमसिंगच्या बायकोला बाजारात बायांनी विचारलं, की नवऱ्याला बरं नाही का. त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही.

"तीन मिस्तरी व्हयनात," भूपेंद्रभाई म्हणाले. "मंग आवाज कोठे शे? तुन्हा कानमा? सोमवारपासून गाडी जगदीश चालावी. तू गोडाऊनवर बस."

जगदीश म्हणजे त्यांचा भाचा. गाडी बरी चालवतो, पण सपाटीवर. घाटातल्या त्या वळणाला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. जालमसिंगला गोडाऊनची लाज वाटलीच, खोटं कशाला बोला! पण त्याहून जास्त त्या पोराची भीती वाटली.

"शेठ, एक डाव ऐका," तो म्हणाला. "गाडी भरा. मंग दखा."

दोधू हसला. "भरेल गाडी कोन तपासस, भो? जॅक वाकी जाई."

"जॅक लावूच नको. मी भरेल गाडी चालाडस. आवाज भरेल गाडीमाच येस. तुम्ही बठा जन रिकामी गाडीले इचारी ऱ्हायनात!"

दोधूचं हसू जागीच विरलं. भूपेंद्रभाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, घड्याळ पाहिलं, आणि कोण जाणे कसं, हो म्हणाले. दुकानावर दोनशे गोण्या सिमेंट चढलं. गाडी पुरुषोत्तमनगरला कारखान्यासमोरच्या मोकळ्या मैदानात नेली. हंगामात तिथे उसाच्या गाड्यांची रांग लागते. आत्ता एक शेळी चरत होती.

गाडी हलवण्याआधी जालमसिंगने खिशातून तंबाखूच्या चुन्याची ट्यूब काढली. बोटावर चुना घेतला आणि पुढच्या चाकाशी वाकला. गाडीचा सगळा भार ज्या पोलादी पाट्यांवर असतो, ती पाट्यांची चळत अॅक्सलवर जिथे बसते, तिथे त्याने वरच्या पाट्यापासून खाली अॅक्सलपर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. दुसऱ्या चाकाशीही तशीच. दोधू म्हणाला, "आते काय पूजा मांडी ऱ्हायना का?" जालमसिंगने चुन्याचं बोट पॅंटला पुसलं. घाटात थांबलेल्या त्या तीन खेपांत चाकाला दगडाची उटी लावून बसल्यावर त्याने एवढाच विचार केला होता, की आवाज करणारी वस्तू जागची हलतच असणार. हलते, तर ती कुठे हलते तेवढं कळलं की झालं.

भूपेंद्रभाईंना त्याने शेजारी बसवलं. पहिला फेरा उजवीकडून, सावकाश. काही नाही. दुसरा फेरा. काही नाही. भूपेंद्रभाई खिडकीबाहेर बघत गालात हसले. जालमसिंगच्या मानेवरून घामाची धार निघाली. आज ही मुकी राहिली तर आपलं नाव कायमचं गेलं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या फेऱ्याला त्याने स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत दाबलं आणि चालत्या वळणात घाटातल्यासारखाच ब्रेक मारला.

टप्प!

भूपेंद्रभाई सीटवरून हातभर उडाले. "अरे बाप! हाऊ कसाना आवाज?"

"मन्हा कानना, शेठ!" जालमसिंग म्हणाला. हे बोलताना त्याला इतका आनंद झाला, की दोन्ही हातांनी स्टेअरिंग बडवावंसं वाटलं.

बाहेर उभ्या दोधूनेही ऐकलं होतं. तो धावत आला आणि चाक ज्या खिळीवर वळतं तिच्याकडे त्याने बोट दाखवलं. "किंगपिन शे! खोलनी पडी. तीन दिन लागतीन."

"काहीच खोलू नको. पहिले रेघ दख."

डाव्या चाकाशी रेघ जशीच्या तशी. उजव्या चाकाशी मात्र तुटलेली! वरचा तुकडा एका जागी, खालचा बोटभर मागे सरकलेला. दोधू गुडघ्यांवर बसला आणि त्याने रेघेच्या दोन्ही तुकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "अॅक्सल सरकी ऱ्हायना, शेठ. पाट्यासना खाले."

निम्म्या गोण्या उतरवून तिथेच खोलाखोली झाली. पाटे आणि अॅक्सल एकत्र धरणारा मधला बोल्ट निघाला तो दोन तुकड्यांत. त्यांना आवळून ठेवणारे यू-बोल्टही हाताने फिरतील इतके सैल. तिघा मिस्तरींपैकी कोणी त्यांना पाना लावलाच नव्हता. आणि पाट्यांच्या मधोमध काय निघालं? रंग! लाल-पिवळ्या ऑइलपेंटचा जाड थर, कुटून कुटून पापुद्रे झालेला. दसऱ्याला गाडी सजवायची म्हणून पाटे सुटे करून एकेका पाट्याला रंग चढवला होता, दोन-दोन हात. वजनाखाली रंग झिजला, तेवढी जागा मोकळी झाली आणि घट्ट आवळलेलं सगळं ढिलं पडलं.

दोधूने भूपेंद्रभाईंकडे पाहिलं. जालमसिंगनेही पाहिलं. भूपेंद्रभाईंचा चेहरा पडला.

"रंग मीच लावाडेल शे," ते म्हणाले. "जगदीशले मी घाटमा धाडी ऱ्हायनू व्हतू." त्यांनी केबिनमधून गाडीची किल्ली काढून आणली. जालमसिंगने त्यांना आणखी टोचलं नाही.

पण एका बाबतीत त्याने सोडलं नाही. किल्ली पुढे आली तेव्हा त्याने हात मागे घेतला. "आठे नही, शेठ. स्टँडवर द्या."

मग काय! दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर चहाच्या टपरीसमोर त्याच दहा ड्रायव्हरांपुढे भूपेंद्रभाईंनी किल्ली दिली. रंग खरवडलेला, बोल्ट नवा, गाडी पुन्हा भरलेली. "जालमभाऊ बराबर व्हता, मी चुकनू," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, माणूस खरा! आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच दार उघडून केबिनमध्ये चढून बसले. "चाल. मी बी येस."

वाटेत एकदा थांबून जालमसिंगने यू-बोल्ट परत आवळले, आणि दुपारी गाडी घाटाला लागली. मागे माणसांनी ठासून भरलेली धडगावची जीप होती. मोठं वळण आलं. भूपेंद्रभाईंनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. जालमसिंगने स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन घुरघुरलं, दोनशे गोण्या एका अंगाला कलल्या, चाकं दरीच्या कडेवरून वळली, आणि खालून काही म्हणजे काही आलं नाही.

जालमसिंगने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि होळीला डोंगरात मारतात तशी लांबलचक आरोळी ठोकली. मागच्या जीपमधल्या सगळ्यांनी एका दमात तिला उत्तर दिलं. भूपेंद्रभाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून तेही ओरडले.