फलाटावरची दहीवाली

करिजा मिलोगो आमच्या बोबो-जुलासो शहरातली, आमच्याच गल्लीतली. मी दोफिनी, तिच्या मंडळीत बालाफोन वाजवतो, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून शेजाऱ्यांचे आंबे चोरलेत, त्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे.

नाचाचं वेड तिला पहिल्यापासून. लग्न असो, बारसं असो, ढोलावर हात पडला की ही रिंगणात. तिचे वडील सिबिरी रेल्वेत होते, आबिजानच्या गाडीला झेंडा दाखवायचे. पोरीनं सुईण व्हावं अशी त्यांची फार इच्छा. ती सुईणीच्या शाळेत गेलीसुद्धा. पण तिथल्या मोठ्या बाईंनीच थोड्या दिवसांत निरोप धाडला, की मुलगी हुशार आहे, पण बाळंतिणीच्या खाटेभोवती ती चालत नाही, फेर धरते. वडिलांनी बोलणं टाकलं. करिजा एका नाचमंडळीबरोबर फ्रान्सला गेली आणि बरीच वर्षं तिकडेच राहिली.

तिकडे तिला कामं मिळाली, नाव झालं. मात्र जो भेटेल तो तिला जंगलच नाचायला सांगायचा. "एकानं मला सिंहीण केलं, दुसऱ्यानं पाऊस, तिसऱ्यानं नुसतीच आफ्रिका," ती मला नंतर सांगत होती. "दोफिनी, मी जन्मात सिंह बघितलाय तो फक्त बिस्किटाच्या पुड्यावर." चौथ्यानं तिला बाओबाबचं झाड व्हायला सांगितलं, तेव्हा ती सामान बांधून घरी आली.

आली ती स्वतःचा नाच बसवायचा असं ठरवूनच. नाचाचं नाव 'फलाट'. वडिलांच्या कामावरचा, गाडीची वाट बघणाऱ्या माणसांवरचा. तिच्या आत्याच्या मोठ्या अंगणात आम्ही तालीम करायचो. सुरुवातीला करिजा डोक्यावर ट्रंक घेऊन नुसती उभी राहणार. हात नाही हलवायचा, पापणी नाही. मी बालाफोनवर एक सूर काढायचा, मग बराच वेळ गप्प बसायचं. भिंतीवरून शेजारीपाजारी बघायचे. एकदा समोरच्या शिंप्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिकडे थंडीनं आखडली का रे ती?"

पहिल्या प्रयोगाला अंगण भरलं. दाकारच्या नृत्यमहोत्सवाच्या मादाम फाय मुद्दाम आल्या होत्या. त्यांना पुढची खुर्ची दिली. सिबिरीकाका आले, पण दाराजवळच बसले, म्हणजे उठून जायला सोपं. "दहा मिनिटं बसेन," ते मला म्हणाले. "ती उभी आहे तेवढं बघतो. नाच सुरू झाला की जातो."

करिजा ट्रंक घेऊन उभी राहिली. मी सूर काढला. अंगण शांत झालं. करिजाच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की मीसुद्धा काठ्या हातातच धरून बघत राहिलो.

आणि तेवढ्यात तक्को आत आली.

तक्को सिदिबे ही फुला जमातीची म्हातारी, संध्याकाळी डोक्यावर दह्याची तुंबडी, म्हणजे भोपळ्याचं भांडं, घेऊन दही विकत गल्लीत फिरते. आमच्याकडे आम्ही बोबो आणि हे गुरं राखणारे फुला, या दोन जमाती म्हणजे थट्टेचे सोयरे. फुलानं बोबोला गुलाम म्हणावं, बोबोनं फुलाला गुरंचोर म्हणावं. लग्नात म्हणावं, मयतीला म्हणावं, राग कुणी धरायचा नाही. जो धरेल त्यालाच सगळं गाव हसतं. तर तक्को दारातून आली ती सरळ मधोमध, आणि करिजासमोर थांबली. एकीच्या डोक्यावर ट्रंक, दुसरीच्या डोक्यावर तुंबडी.

"काय गं बोबोणी, कुठं निघालीस?" तक्कोनं विचारलं.

करिजा हलली नाही.

तक्कोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. "उभ्या उभ्याच गेली वाटतं," ती लोकांना म्हणाली. "बरोबरच आहे. बोबोला पडायचंसुद्धा कुणीतरी सांगावं लागतं."

अंगणात हशा फुटला. करिजा ओठ न हलवता पुटपुटली, "आजी, बाहेर जा. नाच चाललाय."

"कोणाचा?"

यावर लोक इतके हसले की मागच्या रांगेतलं बाक पालथं झालं. करिजानं नाच पुढं रेटला. ट्रंक खाली ठेवली, तर तक्को त्यावर बसली. करिजा गाडीमागं धावली, तर ही ओरडली, "अगं, स्टेशन तिकडं आहे." करिजा जमिनीवर कोसळायची जागा आली. ती कोसळली. तक्को उठली, तिच्या तोंडावर दह्याचे चार शिंतोडे मारले आणि पदरानं वारा घालू लागली. "जेवत नाहीत," ती मादाम फायना समजावून सांगत होती. "सगळ्या ज्वारीची दोलो दारू पितात आणि मग अशा पडतात."

मी काठ्या खाली ठेवल्या होत्या. करिजा पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला खून दिसला. मग काय झालं कोण जाणे, ती खदाखदा हसली. उठली आणि तक्कोच्या डोक्यावरची तुंबडी धरायला झेपावली. तक्को चुकवून पळाली, मान ताठ, दह्याचा थेंब सांडला नाही. करिजा मागं, तक्को पुढं. मी काठ्या उचलल्या आणि जे सुचेल ते वाजवत सुटलो. दाराजवळ सिबिरीकाका मांडीवर थापा मारत होते. त्यांची दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

प्रयोग संपल्यावर मादाम फायनी तक्कोचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही नृत्य कुठं शिकलात?"

"गाईंच्या मागं," तक्को म्हणाली.

मादाम फायनी दाकारचं आमंत्रण दिलं. दोघींना.

करिजा दुसऱ्या दिवशी घराबाहेर आली नाही. मी गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडलेली. "इतकी वर्षं मी घाम गाळला," ती म्हणाली, "आणि आमंत्रण आलं ते दह्याला."

"तुलाही आलंय की."

"मी तुंबडी पकडायला जाणार. असं म्हण."

तेवढ्यात वडीलच तिच्या खोलीपाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, नाच चांगला होता. ती म्हातारी नसती तर मी उठून गेलो असतो." एवढं बोलून ते गेले. करिजा उठून बसली, मग थोडी रडली, आणि मला म्हणाली, "जा, तक्कोला विचार."

तक्कोनं आधी नखरे केले. गाय गाभण आहे, सुनेला धार काढता येत नाही, विमानात खिडकी हवी. मग कबूल झाली. पण तालमीला बसेल तर शपथ. तेच वाक्य पुन्हा म्हण म्हटलं की म्हणायची, "मी काय रेडिओ आहे?" रोज नवीन टोमणे. रोज करिजा कपाळाला हात लावून सांगायची, "आजी, निदान पहिली पाच मिनिटं गप्प बस. मला नीट उभी तरी राहू दे." आणि रोज तक्को पहिल्याच मिनिटात तोंड उघडायची.

दाकारचं नाट्यगृह मोठं, वर दिवेच दिवे. तक्कोला महोत्सवानं नवीन निळा झगा शिवला होता. करिजा ट्रंक घेऊन उभी राहिली. मी सूर काढला. तक्को बाजूनं आली, करिजासमोर थांबली.

आणि गप्प उभी राहिली.

आम्ही वाट बघितली. तक्कोची मान ताठ, नजर समोर, चेहरा असा गंभीर की जणू कुणाच्या मयतीला आलीय. मी पुन्हा सूर काढला. काही नाही. दोन बायका, दोन ओझी, आणि समोर भरलेलं नाट्यगृह. पहिल्या रांगेत मादाम फाय घड्याळाकडं बघू लागल्या. करिजाच्या कपाळावरून घामाची धार निघाली. पुढचा सगळा नाच म्हातारीच्या बोलण्यावर उभा होता.

शेवटी, जिनं त्या एका पुटपुटण्याखेरीज आयुष्यभर रंगमंचावर शब्द उच्चारला नव्हता, त्या करिजानं तोंड उघडलं. "काय गं गुरंचोरणी," ती म्हणाली, "दही तोंडात धरून आणलंस का?"

तक्कोनं डोळे मिचकावले. तरी गप्प.

"गाय विमानात बसवली नाही म्हणून रुसलीस? बसवली असती, पण गाईनंच सांगितलं, या बाईच्या शेजारची जागा नको."

सेनेगलातही थट्टेचे सोयरे असतातच. मागून कुणीतरी फुला भाषेत ओरडलं, "आजी, ऐकून काय घेतेस?" मग मात्र तक्कोला राहवेना. तिनं तुंबडी सावरली, एक दीर्घ श्वास घेतला आणि करिजाच्या सात पिढ्यांपासून सुरुवात केली. करिजानं उत्तर दिलं. ट्रंक डोक्यावर, पाय नाचताहेत, तोंड चालू. तिला इतकी मोकळी नाचताना मी त्याआधी कधी बघितली नव्हती. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले.

पडदा पडल्यावर करिजा तिच्यावर धावूनच गेली. "तिथं तोंडाला काय झालं होतं?"

"तूच म्हणायचीस ना, पाच मिनिटं गप्प बस," तक्को म्हणाली. "घरी नाही ऐकलं ते वेगळं. म्हटलं, परक्या गावात पोरीचा शब्द राखावा."

करिजानं तिला मिठी मारली, ती पण जपून, तुंबडी अजून डोक्यावर होती.

'फलाट' पुढं लोमेला झाला, कोतोनूला झाला, आबिजानला तर सिबिरीकाका स्वतः बरोबर आले. मग तक्कोनं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली, आणि रोज एका बोबोणीला शहाणं करायचा कंटाळा आला म्हणाली. करिजानं तिच्या जागी दोघीतिघी नटी घेऊन बघितल्या. पाठ केलेले टोमणे कुणालाच लागेनात. तिनं 'फलाट' बंद केला आणि नवीन नाच हाती घेतला.

त्यासाठी आता माणसं निवडणं चालू आहे. परवा बानफोराहून एक मुलगी आली. उंच उडी, सुंदर पाठ, ताल पक्का. करिजानं सगळं बघितलं आणि म्हणाली, "छान. आता मला लागेल असं काहीतरी बोल."

मुलगी लाजली. "ताई, तुम्हाला कसं बोलू?"

"मग उद्या ये," करिजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती आजीला घेऊन. आजीनं दारातूनच करिजाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हीच का ती, माझ्या नातीला शिव्या शिकवणारी? हिला कंबर आहे की नुसताच खांब?"

आजीची निवड तिथंच झाली. नातीचं अजून ठरायचंय.