आधी सांगा, मग वाढा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही पोळपाटाची कुणी चुलत बहीण असावी. तसे नाही. मी चीज वाढायची जुनी सागवानी फळी आहे. माझ्या एका टोकाला मूठ आहे आणि दुसऱ्या टोकाला तडा. स्वभावाने मी संशयी आहे. माझ्यावर कोण काय ठेवतो, कोणाच्या हाताला कांद्याचा वास येतो, कोण समोरचा तुकडा उचलतो आणि कोण चार चाचपून पाचवा घेतो, सगळ्यावर माझी नजर असते. हा स्वभाव मला उगाच जडलेला नाही.

माझा जन्म सारसोळ्याला खाडीकाठी झाला. तिथे वामन मिस्त्री होड्या दुरुस्त करत. एका होडीला नवी फळी बसवल्यावर जो तुकडा उरला, तो मी. नेरूळला राहणारे सुधीरराव मला बनवून घ्यायला आले. ते जहाज कंपनीच्या कचेरीत कामाला होते. परदेशी पाहुण्यांच्या संगतीत त्यांना चीजची गोडी लागली होती.

"मासली कापाला पायजे का?" वामन मिस्त्रींनी विचारले.

"नाही हो, चीज ठेवायला."

"पावान घालतान ती चकती? तिला सागाची फली?" मिस्त्रींनी त्यांना खालून वर न्याहाळले. "घरी इचारून आलाव ना?"

सुधीरराव घरी विचारून आले नव्हते. त्यामुळे मी घरात शिरले तेव्हा त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग त्या चीजकडे संशयाने पाहिले. ते गौडा चीज होते. फिकट पिवळे, फार मऊ नाही, फार कडक नाही, बाहेरून मेणाचे कवच. वैजयंतीबाईंनी ते नाकाजवळ नेले आणि म्हणाल्या, "हा कपड्याचा साबण नाही ना? नक्की खायचंय?"

सुधीररावांना या चीजचे फार कौतुक. ते फ्रीजमधून काढले की लगेच वाढू देत नसत. "थंडीत त्याचा आवाज बसतो, चव खुलत नाही," असे म्हणत आणि जेवणाआधी बराच वेळ ते माझ्यावर ठेवत. मग त्रिकोणी खंडाचे टोकापासून कडेपर्यंत लांबट काप करत. मधला भाग मऊ आणि कडेचा चवदार असतो, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही यावे. नुसते टोक कापून घेणारा माणूस त्यांना मुळीच आवडत नसे. मेण सोलून बाजूला काढायचे, सुरीच्या टोकाने थेट तोंडात घालायचे नाही, हात लावलेला तुकडा परत ठेवायचा नाही. सौम्य चवीचे चीज असल्यामुळे सोबत साधे बिस्कीट आणि चार द्राक्षे. लोणच्याची फोड त्या ताटलीत आली की सुधीररावांचा चेहरा पडे.

हळूहळू वैजयंतीबाईंनाही ते आवडू लागले. सोसायटीतल्या बायका माझ्याकडे बोट दाखवून विचारत, "कुठून आणलीत हो ही?" तेव्हा बाई मला ओल्या फडक्याने पुसत, लगेच कोरडी करत, तेलाचा हात फिरवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग डॉक्टरांनी सुधीररावांचे चीज बंद केले. मित्रांनो, मालकाची आवड गेली की वस्तूची पत जाते. माझ्यावर कांदे चिरले गेले. गरम कुकर ठेवला गेला. एकदा मला खरकट्या पाण्यात भिजत टाकून सगळे गावी निघून गेले. परतले तेव्हा मला तडा गेला होता. शेवटी गॅसच्या टाकीमागे माझी रवानगी झाली. तिथल्या अंधारात, झुरळांच्या सोबतीने, कुणावर विश्वास म्हणून उरला नाही.

एका रविवारी अचानक मला बाहेर काढले. घासले, पुसले, तेल लावले. एवढे लाड पाहून मला आनंद झाला नाही, धास्ती वाटली.

कारण असे होते. सुधीररावांचा मुलगा निखिल मोठा झाला होता. त्याला त्याच्या कंपनीतल्या राजेश्वरीशी लग्न करायचे होते. तिचे वडील ज्ञानू बाजार समितीत माथाडी होते, मूळचे साताऱ्याकडचे. आई वेणूबाई. ते दोघे पहिल्यांदाच घरी येणार होते. निखिल नुकताच हॉलंडला जाऊन आला होता आणि येताना गौडा घेऊन आला होता.

"कांदेपोहे कुणीही करतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आपण चीज ठेवू. आपल्याकडे काय पद्धत आहे ते त्यांनाही कळू दे."

निखिल जरा घुटमळला. "आई, राजेश्वरीचे बाबा माळकरी आहेत. हे जुन्या पद्धतीचं चीज आहे. दूध गोठवायला वासराच्या पोटातला रस घालतात यात. दुकानात मला मुद्दाम सांगितलं होतं."

"अरे, थेंबभर असेल. एवढं कशाला सांगत बसायचं? त्यांना कुठे कळणार आहे? उगाच टेन्शन घेऊ नकोस."

निखिल गप्प बसला. मीही गप्पच असते, पण त्या दिवशी मला माझ्या मुक्या जन्माचा राग आला.

पाहुणे आले, राजेश्वरीही सोबत होती. ज्ञानू पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात, गळ्यात तुळशीची माळ. वेणूबाईंनी पदर नीट केला आणि सोफ्याच्या कडेला टेकल्या. मला मधल्या टेबलावर ठेवले होते. माझ्यावर चीज, शेजारी सुरी, द्राक्षे, बिस्किटे. वेणूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मग लेकीकडे पाहिले. ती नजर मी ओळखली. 'आपली परीक्षा घ्यायला मांडलंय हे,' असे ती नजर म्हणत होती. इकडे वैजयंतीबाईही त्यांच्याकडे टक लावून होत्या. कोण कसे उचलतो, कोण कसे खातो! दोन्हीकडून संशय, आणि मध्ये मी.

सुधीररावांनी पूर्वीच्या हौसेने लांबट काप केले, मेण सोलले, एकेक काप ताटलीत ठेवून आधी पाहुण्यांना दिला. ज्ञानूंनी ताटली दोन्ही हातांनी घेतली. वेणूबाईंनी काप हुंगला.

"ह्यात काय आसतंय वो, ताई?"

"दूध. शुद्ध दूध," वैजयंतीबाई हसून म्हणाल्या.

"अंडं-बिंडं न्हाई न्हवं? ह्यांना चालत न्हाई."

"अहो नाही. अगदी निर्धास्त खा."

ज्ञानूंनी काप उचलला. बिस्किटावर ठेवला. माझे लाकूड आतून आकसले. हात तोंडाजवळ गेला आणि निखिल ताडकन उभा राहिला.

"काका, थांबा! नका खाऊ."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. निखिलचे कान लाल झाले होते. त्याने सगळे सांगितले. वासराचे सांगितले, दुकानातले सांगितले. फक्त आईचे नाव घेतले नाही.

ज्ञानूंनी काप ताटलीत ठेवला आणि ताटली दूर सारली. वेणूबाई वैजयंतीबाईंकडे वळल्या.

"मी इचारलं तवा तुमाला म्हाईत हुतं?"

मित्रांनो, 'नव्हतं' म्हणणे किती सोपे होते! निखिलने आईसाठी ती वाट मोकळी ठेवली होती. मला तर खात्रीच होती की बाई तेच म्हणणार. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "होतं."

राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आले. "काकू, नुसतं सांगितलं असतंत तर आम्ही चहा घेतला असता. त्यात काय मोठं होतं?"

ज्ञानू उठले. त्यांनी हात धुतले. वाटले, आता मोडले लग्न. चप्पल घालता घालता ते निखिलसमोर थांबले.

"तू गप बसला असतास तर मला जल्मात कळलं नसतं. खरं हाय ना?"

"हो, काका."

"मग तुझ्यावर माझा राग न्हाई. पर ह्या घराचं मला इचार करून सांगावं लागंल."

आणि ते गेले. चीज तसेच माझ्यावर घाम सोडत पडून राहिले. कुणी हात लावला नाही.

त्यानंतर एक दिवस वैजयंतीबाई वाशीतल्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला भंडावून सोडले. दूध कशाने गोठवले, कुठे बनवले, पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा भरवसा काय? त्याने कंपनीला फोन लावून खात्री करून दिली, तेव्हाच त्यांनी चीज घेतले. मग मला पिशवीत घातले, निखिलला बरोबर घेतले आणि थेट तुर्भ्याला ज्ञानूंच्या घरी गेल्या. बोलावणे नव्हते.

वेणूबाईंनी दार उघडले. आत या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. वैजयंतीबाईंनी मला सतरंजीवर ठेवले, चीज उघडले आणि कापायच्या आधीच बोलू लागल्या.

"वेणूताई, हे गाईचं दूध. मीठ. विरजण. आणि गोठवायला बुरशीपासून केलेलं औषध. प्राण्याचं काही नाही. दुकानात विचारून आले. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागते. खायचं नसेल तरी चालेल."

"बुरशी?" वेणूबाईंनी भुवया उंचावल्या. "आदी तुमी खावा."

वैजयंतीबाईंनी स्वतः काप केला आणि खाल्ला. वेणूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, घास गिळेपर्यंत. मग त्यांनी एक काप हातात घेतला, उजेडात धरला, हुंगला, दातांनी कणभर तोडला. ज्ञानू भिंतीला टेकून गालात हसत होते.

"कसं हाय गं?" त्यांनी विचारले.

"खारट खरवस जनू," वेणूबाई म्हणाल्या. "पर वंगाळ न्हाई. घ्या तुमी."

ज्ञानूंनी एक काप खाल्ला. मग म्हणाले, "वेणू, चा टाक. विहीणबाई आल्यात."

मित्रांनो, आता मी निखिल आणि राजेश्वरीच्या घरी असते. माझा तडा तसाच आहे आणि माझा संशयी स्वभावही पुरता गेलेला नाही. पण तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. ताटली कशी धरावी, सुरी कशी चालवावी हे जरूर शिका. पण पाहुण्याने "यात काय आहे?" असे विचारले तर त्याला हसू नका, रागावू नका आणि त्याच्यापासून काही लपवू नका. त्याच्या पोटात जाणारा घास त्याचा आहे. आणि सगळे खाऊन झाले की माझ्यासारख्या फळीला पाण्यात भिजत टाकून जाऊ नका. पुसा, कोरडी करा, उभी ठेवा. लाकडाचा तडा बुजत नाही. माणसांचा बुजतो, पण त्यासाठी कुणालातरी न बोलावता दुसऱ्याच्या दारी जावे लागते.