बाबांचा डावा ॲक्सल

आमच्या घरात सासऱ्यांना ‘तुमचं चुकतंय’ असं आजवर कुणी सांगितलेलं नाही. चुकत नाही असं नाही, रोज चुकतं. पण सांगणार कोण? बाबांचा उभा जन्म वाहतूक पोलिसात, चौकात गेला. आता निवृत्त आहेत, तरी जेवताना कुणी मधे बोललं की त्यांचा तळहात वर होतो आणि आम्ही सगळे तोंडात घास तसाच ठेवून थांबतो.

अशा या घरातली जुनी गाडी मागून कण्हायला लागली, आणि तीही ऐन माझ्या नोकरीच्या तोंडावर. सोमवारी सकाळी सातला मला गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. अर्ज करकरून हात दुखले तेव्हा कुठे मिळालेली नोकरी, आणि तिकडे त्या वेळी बस नाही. मेकॅनिक म्हणाला, "मागचे दोन्ही ॲक्सल गेलेत. आठवडाभर ठेवा गाडी."

बाबांना ते झोंबलं. "आठवडा? दोन दांडे काढायचे, दोन घालायचे. रविवारी घरीच करू."

नवऱ्याने मान डोलावली, भाऊजींनी डोलावली. मीही डोलावली, कारण मला सोमवार गाठायचा होता.

रविवारी गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला. चाकं निघाली, ड्रम निघाले, आणि खरं सांगायचं तर जुने ॲक्सल बाहेर येईपर्यंत सगळं झकास झालं. तेलाने माखलेले ते दोन दांडे बाबांनी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. उजवीकडचा लांब, डावीकडचा चांगला चार बोटं आखूड. नव्या दांड्यांवर दुकानदाराने चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या, एकावर ‘डावा’, एकावर ‘उजवा’.

बाबा उठले, बॉनेटसमोर गाडीकडे तोंड करून उभे राहिले आणि आपला डावा हात पसरून म्हणाले, "ही डावी बाजू."

आता गाडीची डावी म्हणजे चालवणाऱ्याची डावी, हे गाडी चालवणाऱ्या कुणालाही कळतं. पण बाबांनी जन्मभर गाड्या पाहिल्या त्या समोरून, तोंडात शिट्टी धरून. अख्खं शहर त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर वळलं, तिथे आमच्या गाडीची काय टाप! नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी भाऊजींकडे, भाऊजींनी आभाळाकडे. दारात उभ्या असलेल्या सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या.

आखूड दांडा लांबाच्या जागी सुळकन गेला. बाबा खूश. "बघा! हाताला कळतं, बरोबर बसलाय ते." जाईल नाही तर काय, आत तो कशापर्यंत पोचलाच नव्हता. दुसरीकडचा लांब दांडा मात्र चार बोटं बाहेर राहिला.

"नवा माल आहे, बसेल," असं म्हणून बाबांनी हातोडा मागवला. माझा नवरा ऑफिसात साहेबाशी तावातावाने भांडून येतो. इथे त्याने निमूट हातोडा आणला.

"थोडं ग्रीस लावू का?" भाऊजींनी हिंमत केली. गाडीखालून बाबांचा तळहात वर झाला. भाऊजी थांबले.

बाबा कुठे अडतंय ते बघायला गाडीखाली सरकले होते. "मी इथून बघतो, तू बाहेरून ठोक," ते म्हणाले. नवरा ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला गाडी हादरत होती, आणि हादरता हादरता एक घोडी बोटभर सरकली. आम्ही तिघांनीही ती पाहिली.

नवऱ्याने हातोडा खाली ठेवला आणि घसा खाकरला. "बाबा, चहा झालाय."

"नंतर."

"बाबा, गार होईल," भाऊजी म्हणाले.

"ठोक रे तू!"

नवऱ्याने हातोडा उचलला. मग मात्र माझं डोकंच सटकलं. "बाबा, आधी बाहेर या! घोडी सरकतेय! आणि ॲक्सल उलटसुलट घातलेत तुम्ही!"

बाबा हळूहळू बाहेर आले. त्यांनी घोडी पाहिली, मग मुलांकडे पाहिलं.

"तुम्हाला दिसली नव्हती?"

"दिसली ना," नवरा म्हणाला. "म्हणून तर चहा झालाय म्हटलं."

"आणि ॲक्सल?"

"ते तर मघापासून दिसतंय," भाऊजी पुटपुटले.

"मघापासून," बाबा म्हणाले आणि पायरीवर बसले. मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलंय, इतकं घाबरलेलं कधी नाही. मला त्यांची दया आली, आणि आम्हा सगळ्यांची लाजही वाटली.

मग त्यांनी स्वतः घोडी नीट लावली, दांडे बदलले. दोन्ही चपखल बसले. सगळे नट आवळून झाल्यावर ते टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली गेले आणि त्यांनी हाक मारली, "काय रे, नीट झालंय ना सगळं?"

"अगदी नीट, बाबा!" दोघे मुलगे एका सुरात म्हणाले. दोघेही पायरीवर चहा पीत होते, कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

खालून टॉर्चचा झोत पायरीवरच्या त्या चार पायांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"सूनबाई," बाबा हळूच म्हणाले, "तू बघतेस का जरा?"

मी जुनी चादर अंथरली आणि त्यांच्या शेजारी गाडीखाली आडवी झाले. उद्या त्या चाकांवर मी जाणार होते.