माझ्या तोंडावरची शीग

मित्रांनो, मी एक पायली आहे. धान्य मोजायचं जुनं लाकडी माप. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, कारण तुमच्याकडे आता काटे आणि किलो आले. पण अहेरीपासून पुष्कळ आत, जंगलातल्या आमच्या गावात मी अजून रोज भरते आणि रोज रिकामी होते. माझं नेमकं वय मलाच ठाऊक नाही. वारलू भूमिया हा आज गावचा प्रमुख आणि सगळ्यात वडीलधारा माणूस. तो लहान असताना मला पालथी घालून माझ्यावर बसायचा आणि आईचा मार खायचा, एवढं मात्र आठवतं.

पत्रू नावाच्या सुतारानं मला बिजा नावाच्या टणक झाडाच्या लाकडातून कोरलं. आतून तासताना तो बोट फिरवून पाहायचा आणि पुन्हा तासायचा. शेवटी त्यानं माझ्या तोंडाला लोखंडी पट्टी बसवली आणि मला गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक जागेत, आणून ठेवलं. त्या दिवसापासून मी कुणा एकाची नाही, साऱ्या गावाची आहे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा जरा जास्तच गर्व होता.

माझं काम काय, ते सांगते. धान कापून झालं, खळ्यावर रास पडली की मला बोलावणं यायचं. पहिली पायली भरताना आमच्याकडे ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. ज्याला वीस पायल्या पिकल्या, त्यानं त्यातली एक गावकोठीत टाकायची. ज्याला वीसही झाल्या नाहीत, त्याच्याकडे कुणी मागायचं नाही. गुणवंतरावांची जमीन नदीकाठची. त्यांच्याकडून साठ पायल्या यायच्या. सुगंधाबाईला जमीनच नाही, तिच्याकडून काही येत नसे. पुढं आषाढात ज्यांच्या घरचं धान्य संपेल, त्यांना कोठीतून पायलीनं उसनं मिळायचं. नव्या पिकावर ते परत करायचं, तेही जेवढ्यास तेवढं.

आणखी एक रीत आहे. माझ्या तोंडापर्यंत धान्य भरलं की वर ओतत राहायचं, त्याचा छोटा डोंगर होईपर्यंत. त्याला शीग म्हणतात. घेताना शीग, देताना शीग, गावाच्याच मालकीच्या गावदुकानात विकतानाही शीग. पण शीग कुणी मोजायची नाही, आणि तिच्याबद्दल बोलायचं तर मुळीच नाही. शीग मोजणारा माणूस हावरट, असं इथं मानतात. मलाही ते बरोबर वाटायचं. शीग हा माझा दागिना होता.

आता प्रफुल्लबद्दल. हा ग्रामसभेचा सचिव, चंद्रपूरला कॉलेज करून आलेला; गावदुकानही तोच चालवतो. मनानं सरळ आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्ही त्याच्यावर रागावाल. खळ्याखळ्यांवर फिरून वाटा गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो त्याला कंटाळला होता. कुणी रास झाकून ठेवायचा, कुणी अर्धं धान आधीच मेव्हण्याकडे पाठवायचा. एकदा अहेरीला गेला असता त्यानं मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकलं. त्यात म्हटलं होतं की देशातला आयकर बंद करून टाकावा, कमाई किती हे कुणाला विचारूच नये, आणि वस्तू विकली जाते तिथंच सगळ्यांकडून एकसारखा विक्रीकर घ्यावा. लपवालपवी नाही, कागद नाहीत, भांडण नाही. प्रफुल्लला ते इतकं पटलं की बसमधून उतरला तो थेट गोटुलात आला.

पौषात, त्या सालचा वाटा गोळा करायच्या आधीच, सभा भरली. आमच्याकडे हात वर करून माणसं मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं तरच ठराव होतो. एकानं जरी ‘नाई’ म्हटलं, तरी तो तिथंच थांबतो. प्रफुल्लनं मला मध्ये ठेवलं, तांदळानं शिगेपर्यंत भरलं आणि तळहात माझ्या तोंडावरून सपाट फिरवला. शीग खालच्या टोपलीत पडली.

“खळ्यावरचा वाटा बंद,” तो म्हणाला. “आता गावदुकानात जो घेईन, त्याची फक्त शीग कोठीले जाईन. जो जितकं घेईन, तितकं देईन. पायली तर पायलीच राह्यते ना.”

गुणवंतराव पहिल्यांदा म्हणाले की पोराचा विचार चांगला आहे. वारलू भूमियानं सगळ्यांकडे एकवार पाहिलं. सुगंधाबाई कोपऱ्यात बसली होती. तिचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. पण ती बोलणार तरी काय? शीग माझी आहे, ती नेऊ नका, असं चारचौघांत म्हणायचं म्हणजे स्वतःला हावरट म्हणवून घ्यायचं. ती गप्प राहिली, बाकीचेही गप्प राहिले आणि एकमत झालं. माझा दागिना गेला, याचंच मला त्या दिवशी वाईट वाटलं. मूर्ख होते मी.

फाल्गुनात सुगंधाबाईची मुलगी दुर्गा पहिल्या बाळंतपणासाठी चौथ्या महिन्यातच माहेरी आली. तिचं रेशन सासरच्या कार्डावर. सुगंधाबाईला स्वतःच्या नावावर जे मिळे ते एकटीपुरतं. म्हणून ती मोहफुलं वेचून, पुढं तेंदूपत्ता तोडून जे मिळेल त्यातून दर बाजाराच्या दिवशी गावदुकानातून दोन पायल्या तांदूळ घेऊ लागली. दोन पायल्या, म्हणजे दोन शिगा. दोन शिगा म्हणजे दुर्गाचं दोन दिवसांचं जेवण. मला ते नीट कळत होतं, कारण त्या शिगा माझ्याच तोंडावरून खाली पडत होत्या. डाळीची पायली सपाट, मिठाची सपाट. आणि गुणवंतराव? त्यांच्या घरी तांदूळ स्वतःचा, बाकी सामान अहेरीहून गाडीत येतं. दुकानाच्या पायरीवर त्यांचं पाऊल एकदाही पडलं नाही. त्यांना खळ्यावर कुणी काही मागितलं नाही आणि दुकानात त्यांनी काही घेतलं नाही.

वैशाखात गावातल्या बायकांचं आरोग्य पाहणाऱ्या आशाताई दुकानातच दुर्गाला म्हणाल्या की महिना झाला, वजन वाढलेलं नाही, पोटभर जेवत जा. दुर्गा हसून हो म्हणाली. सुगंधाबाईनं मान खाली घातली आणि पिशवी पुढं केली. प्रफुल्लनं मला भरलं, त्याचा हात आला, शीग गेली. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मापाला ओरडता येत नाही. त्याला फक्त भरता येतं.

आषाढात रीतीप्रमाणे गावकोठी उघडली. एरवी धान्य छातीपर्यंत असतं, या वेळी गुडघ्यापर्यंतही नव्हतं. गुणवंतरावांच्या साठ पायल्या आल्या नव्हत्या आणि शिगा गोळा होऊन होऊन किती होणार? तेंदूपत्त्याचे पैसे संपले होते, म्हणून सुगंधाबाई उसनं मागायला आली. प्रफुल्लनं मला कोठीत बुडवलं. माझ्या पोटात जो तांदूळ आला, तो मी ओळखला. तो दर बाजाराला तिच्याच पायलीवरून पडलेला होता. मित्रांनो, तिचा तांदूळ तिलाच उसना दिला, आणि धान्य कमी म्हणून तोही सपाट. नव्या पिकावर तो तिनं परत करायचा. माझ्या इतक्या वर्षांत इतकं ओझं मी उचललं नव्हतं.

चारच दिवसांनी सभा बसली. कोठी रिकामी का झाली, यावर सगळे बोलत होते. आठवा महिना लागलेली दुर्गा भिंतीला धरून उभी राहिली आणि बोलायला लागली, तर वारलू भूमियानं हळूच सांगितलं की बाई, तू आता सासरच्या गावची, तुझा शब्द या सभेत धरता येत नाही. ती खाली बसली. तेव्हा सुगंधाबाई उठली.

“मी हावरट हावो, असं समजा,” ती म्हणाली. “पन माही शीग मले वापस द्या. माही पोरगी त्या शिगेवर जेवत होती.”

गोटुलात शीग अशी उघड कुणी कधी मागितली नव्हती. प्रफुल्लनं चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग तोच म्हणाला की चूक माझी आहे, जुनी रीत परत लावू. वारलू भूमियानं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. शेवटी गुणवंतरावांची पाळी आली.

“मी कोनाचं काही घेतलं नाई,” ते शांतपणे म्हणाले. “ठराव साऱ्यायनं केला. साल बी नाई झालं, आन मोडता काऊन? तीन साल चालू द्या, मंग पाहू. माही संमती नाई.”

एक ‘नाई’. आमच्या गावात तेवढं पुरतं. एकट्या माणसावर अन्याय होऊ नये म्हणून वाडवडिलांनी ही रीत घातली होती. वारलू भूमियानं सभा उठवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुगंधाबाई हातउसने पैसे घेऊन आली. प्रफुल्लनं मला शिगेपर्यंत भरलं. वरचे दाणे घसरत होते. त्याचा हात माझ्यापर्यंत आला आणि हवेतच थांबला. तो तिच्याकडे पाहायला तयार नव्हता. शेवटी तीच म्हणाली, “पाड, भाऊ. ठराव हाये.”

त्यानं पाडली.

दुर्गाचे दिवस आता भरत आले आहेत. पुढं काय होईल, मला माहीत नाही. मी गोटुलाच्या कोपऱ्यात बसते. पट्टी गंजली आहे, बुडाला बारीक चीर गेली आहे. पण मला तेल लावा, माझी चीर बुजवा, असं काही मी मागत नाही. मित्रांनो, तुमच्याही गावात, तुमच्याही देशात कुणीतरी माप पुढं ठेवून म्हणेल की हे सगळ्यांना सारखं आहे. तेव्हा मापाकडे बघत बसू नका. कोण किती घरचं खातो आणि कोणाला सगळंच विकत घ्यावं लागतं, ते आधी बघा. आणि शीग पडायच्या आधी बोला. सुगंधाबाई बोलली तेव्हा फार उशीर झाला होता, आणि मला तर बोलताच आलं नाही.