भुईनळ्यावरची फुंकर

आरोग्य केंद्राच्या प्रसूतिकक्षाच्या दारात नीला सिस्टरांनी भाग्यश्रीला आत घेतले खरे, पण बजावूनच. "माझ्या कामात हात घालायचा नाही आणि पेशंटला घाबरवायचं नाही. आज नीट पार पडलं तर पुढचं बघू."

भाग्यश्री जळकोटची. समाजकार्याची पदवी घेऊन ती एका संस्थेत लागली होती आणि बाळंतपणातली सोबतीण होण्याचे प्रशिक्षण तिने नुकतेच संपवले होते. तपासणे, औषध देणे, बाळ झेलणे हे तिचे काम नव्हे. कळा सोसणाऱ्या बाईजवळून हलायचे नाही, एवढेच तिचे काम. प्रशिक्षणात ते फार सोपे वाटले होते.

खाटेवर महानंदा होती. तेरखेड्याच्या एका फटाक्यांच्या कारखान्यात ती भुईनळे भरायची. दिवस गेल्याचे कळले तशी घरी बसली होती. मागच्या खेपेला ऐन कळांत तिला इथल्या रुग्णवाहिकेच्या गाडीत घालून धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले होते. नवरा विरेश पुढे ड्रायव्हरजवळ आणि मागे ती एकटी. ते बाळ हाती लागले नाही. या वेळी भाग्यश्री पहिल्यांदा तिच्या घरी गेली, तेव्हा महानंदाने एकच मागणे घातले होते, "ताई, मला त्या गाडीत घालू देऊ नका."

"ते माझ्या हातात नाही," भाग्यश्रीने खरे तेच सांगितले होते. "पण जिथं नेतील तिथं मी तुझ्याजवळ असेन."

आता दुपार कलत आली होती आणि गाडी आवारातच उभी होती. महानंदाची नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जाई. कळ आली की तिचे ओठ घट्ट मिटत, नाकपुड्या आवळत, सारे अंग लाकडासारखे ताठ होई. एक हुंकारही बाहेर पडत नसे.

"श्वास सोड, महानंदा. हळूहळू. पोटात एक कमळ उमलतंय असं समज..." भाग्यश्रीने शिकवलेले सारे म्हणून पाहिले.

कळ ओसरल्यावर महानंदा धापा टाकत म्हणाली, "ताई, ते कमळ गेलं खड्ड्यात. मला काय बी उमलल्यालं दिसंना."

नीला सिस्टरांनाही हसू आले, पण ठोके ऐकून झाल्यावर त्या भाग्यश्रीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. पण ही श्वास कोंडून अंग आवळतीय. आत्ताच अशी दमली तर शेवटी जोर द्यायला ताकद उरायची नाही. मग मला धाराशिवचा विचार करावा लागेल."

भाग्यश्री परत खाटेशी आली. शिकलेले शब्द संपले होते, म्हणून ती नुसती पाहत राहिली. पुढची कळ आली आणि तेव्हा तिच्या ध्यानात आले: महानंदाचे सारे अंग ताठले होते, पण उजव्या हाताची बोटे मात्र विलक्षण स्थिर होती, चिमटीत काहीतरी जपून धरल्यासारखी.

कळ गेल्यावर तिने विचारले, "ही बोटं अशी का धरतेस गं?"

महानंदाने स्वतःच्या हाताकडे नवल करून पाहिले. "अगं बया! ही तर भुईनळ्यात दारू भरायची चिमट. भरताना दम धरायचा असतो, ताई. श्वास घेतला की दारू नाकात जाती, नि हात हालला की सांडती. जीव सांभाळायचा म्हनलं की अंग आपसूक तसंच होतं."

"आणि भरून झाल्यावर?"

"नळ्याचं तोंड चिखलानं लिंपायचं नि फुंकर मारायची. लांब, बारीक. काठावरची दारू समदी उडाली पायजे. तवा कुठं मोकळा श्वास."

भाग्यश्रीने आपली मूठ वळून तिच्या तोंडापुढे धरली. "हा घे भुईनळा. भरून, लिंपून तयार. कळ आली की नुसती फुंकर मारायची."

"येडी का काय तुमी?" महानंदा म्हणाली. तोच कळ आली. ओठ मिटले, सुटले, आणि एक लांब फुंकर भाग्यश्रीच्या मुठीवर आली. दुसरी आली. खांदे खाली उतरले.

"अजून काठावर दारू आहे बघ."

"उडीवते की!"

"दिवाळी चाललीय का इथं?" सिस्टर म्हणाल्या, पण तपासल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "चालू द्या. छान उघडतंय."

किती भुईनळे त्या दोघींनी साफ केले कोण जाणे. खिडकीकडे मात्र महानंदाने पुन्हा पाहिले नाही. भाग्यश्रीच्या मुठीला रग लागली तेव्हा तिने हात बदलला, जागा सोडली नाही. अखेर सिस्टरांनी हातमोजे चढवले. "आता फुंकर पुरे. कळ आली की दम धरायचा आणि खाली जोर द्यायचा."

भाग्यश्री तिच्या कानाशी वाकली. "ऐकलंस ना? आता भर."

महानंदाने दम धरला. वर्षानुवर्षे कमावलेला तो दम होता. फक्त या वेळी तो भीतीने कोंडलेला नव्हता. तिने तो स्वतः, कामाला लावायला, धरला होता. "शाबास! धर, धर... सोड. पुन्हा!" सिस्टरांचा आवाज चढत गेला आणि त्यांनाही न जुमानता महानंदा ओरडली, दिवसभरात पहिल्यांदा, छाती भरून. त्या ओरडण्यावर ताण करीत दुसरा एक आवाज उठला, नवा, चिडलेला, खणखणीत.

"मुलगी आहे," सिस्टर म्हणाल्या आणि ते लालबुंद, ओले बाळ त्यांनी महानंदाच्या छातीवर ठेवले. मग हात धूत त्या सहज म्हणाल्या, "भाग्यश्री, उद्या सकाळी एक पहिलटकरीण येणार आहे. लवकर या."

दाराबाहेर सासू शांतम्मा ताटकळली होती. आत येताच तिने कानशिलावर बोटे मोडली. "काय गं, केवढ्यांदा वरडलीस! तिकडं गाडीचा ड्रायव्हर जागा झाला."

"त्याला झोपू द्या, आत्या," बाळाच्या पाठीवर हात ठेवून महानंदा म्हणाली. "म्या हितंच केलं."