तानूची निगेटिव्ह

फोटो सगळ्यांना ठाऊक असतो, मला कोणी विचारत नाही. मी निगेटिव्ह बोलतेय. काड्यापेटीहून थोडी मोठी फिल्म, एवढाच माझा पसारा. माझा जन्म देऊळगाव राजातल्या गुलाबरावांच्या फोटो स्टुडिओत झाला. समोर खुर्चीवर केसरबाई, त्यांच्या मांडीवर तीन वर्षांची नात तानू, मागं उभे मुलगा पंजाबराव आणि सून कलाबाई. तानू हलू नये म्हणून गुलाबरावांनी चुटक्या वाजवून वाजवून बोटं दुखवून घेतली.

माझ्यावरून माझ्याएवढाच फोटो छापला आणि आम्हा दोघांना घरी धाडलं. फोटो चौकटीत बसला. मला केसरबाईंनी उजेडात धरलं आणि दचकल्याच. माझ्यात गोरं ते काळं दिसतं, काळं ते पांढरं.

"आवं माय! पोरीचं तोंड काळं न केस म्हातारीचे! फेक ही अवदसा."

भीती कलाबाईलाही वाटली, पण पोरीचं तोंड उकिरड्यावर टाकवेना. तिनं मला ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी दडवलं आणि फेकली म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी बालाजीच्या यात्रेत तानू हरवली. कलाबाईनं बांगड्या भरायला हात पुढं केला, तेवढ्यात. दोन दिवस शोधलं, ठाण्यात कळवलं. शेवटी पंजाबराव चौकट घेऊन गुलाबरावांकडे धावले, मागोमाग कलाबाई. "यातली पोरगी मोठी करून द्या. एसटीच्या कंडक्टरांजवळ देतो."

गुलाबरावांनी फोटोचाच फोटो काढून वाढवला. चेहरा तळहाताएवढा झाला खरा, पण नाक कुठं, डोळे कुठं, कळेना.

स्टँडवर जालन्याच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, "दादा, हे पोरगी हाये का गाठोडं? मी कोणाले काय दाखवू?"

दोघं परत स्टुडिओत आले. "छापलेल्यावरून वाढवलं की असंच होते," गुलाबराव म्हणाले. "निगेटिव्ह आणा बाप्पा. दिली होती ना?"

"ते तं फेकली!" पंजाबराव म्हणाले.

कलाबाई घराकडे पळाली आणि मला ट्रंकेतून काढून घेऊन आली.

लाल दिव्याच्या खोलीत गुलाबरावांनी माझ्यावरची धूळ मऊ ब्रशनं झटकली, मला यंत्रात बसवलं आणि माझ्यातून थेट मोठ्या कागदावर उजेड सोडला. घाई होती, तरी भिंग पुढं-मागं करत राहिले. तानूच्या पापण्या वेगवेगळ्या दिसल्या तेव्हाच हात थांबला. भुवईवरचा पडल्याचा व्रणसुद्धा आला. अशा बारा प्रती निघाल्या.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या स्टँडवर एका भाजीवालीनं कंडक्टरच्या हातातला फोटो ओढूनच घेतला. "हे तं माह्या घरी हाये! यात्रेच्या गाडीतून बायांमागं उतरली. इथल्या ठाण्यात सांगून ठेवलं मी, पण तिले गावच सांगता येईना."

तानू घरी आली. रात्रीचं जेवण झाल्यावर केसरबाईंनी विचारलं, "फेकली नव्हती का वं?"

"नाही."

"बरं केलं," म्हणाल्या आणि पानाचा डबा ओढला.

आता दरवर्षी कलाबाई तानूचा फोटो काढते, आणि गुलाबरावांकडून निगेटिव्ह हातात पडल्याशिवाय दुकानातून उठत नाही. ट्रंकेत आम्ही पाच जणी झालोत.

बायांनो, लेकराचा फोटो भिंतीवर खुशाल लावा. पण तो मोठा करायची वेळ आली तर मलाच न्या. आणि मला कडेनं धरा, मधे बोटांचे ठसे उठतात. कलाबाई तसंच धरते.